पेटी दारात आली, पुढे काय?

पुस्तक मिळत नाही, अशी तक्रार करायला नाशिककरांना फारशी जागा नाही. १८४० साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय, ज्याला गावातला वाचणारा माणूस नुसतं 'सावाना' म्हणतो, आजही चालू आहे. साहित्य संमेलन या गावात १९४२ साली आचार्य अत्र्यांच्या अध्यक्षतेखाली झालं, २००५ साली केशव मेश्राम यांच्या आणि २०२१ साली जयंत नारळीकर यांच्या. कुसुमाग्रजांचं हे गाव. त्यांच्या नावाचं प्रतिष्ठान एक वर्षाआड जनस्थान पुरस्कार देतं आणि २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी' म्हणत पुस्तकांच्या पेट्या थेट लोकांच्या सोसायट्यांत पाठवतं. एवढं सगळं असलेल्या गावात वाचनालयाच्या देवघेव विभागापाशी पाच मिनिटं उभं राहिलं, तरी एक प्रश्न हमखास कानावर येतो: "काही चांगलं आलंय का?" विचारणारा बहुधा पुस्तक बदलायला आलेला असतो, घाईत असतो, आणि काउंटरवरच्या माणसाच्या हाताशी सभासदांची रांग असते. उत्तर म्हणून नुकतंच परत आलेलं एखादं पुस्तक पुढे सरकवलं जातं. माझ्या मते मराठी कथा-कादंबरीचं दुखणं या एका प्रश्नात आहे. पुस्तक पोचवणं आणि पुस्तक सुचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम नाशिकने इतर कुठल्याही गावाला हेवा वाटावा असं केलं आहे. दुसऱ्या कामाला मात्र आपल्याकडे माणूस नेमलेला नाही, आणि गंभीर ललित साहित्य जगतं ते त्या दुसऱ्या कामावर.

आधी पेटीबद्दल, कारण तिचं मोल कमी करण्याचा हेतू नाही. प्रतिष्ठानचे विनायक रानडे यांनी ही कल्पना उभी केली. वाचनालयापर्यंत माणूस येत नसेल तर वाचनालयाने माणसापर्यंत जावं, इतकं साधं तिचं तत्त्व. तीस-पस्तीस वाचकांचा एक गट, त्यांच्यातलाच एक जण पेटी सांभाळणारा, आणि काही महिने झाले की ती पेटी पुढच्या गटाकडे जाते, त्यांची इकडे येते. वाचकाला पैसे द्यावे लागत नाहीत. पेट्या उभ्या राहतात देणग्यांमधून. नाशिकच्या कॉलन्यांतून निघालेली ही पेटी महाराष्ट्रभर गेली, कारागृहांपर्यंत पोचली, आणि दुबई, नेदरलँड्स, जपान अशा ठिकाणच्या मराठी घरांतही जाऊन बसली. परदेशातल्या मराठी माणसाला लोणच्याची बरणी न्यायची सवय होती. पुस्तकांची पेटी ही त्याच्या सामानात नवी भर. या योजनेत एक गोष्ट फार शहाणपणाची आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पेटी ओळखीच्या माणसाच्या घरी असते. 'तुम्ही वाचलंत का हे? कसं आहे?' हा प्रश्न विचारायला तिथे समोर कोणीतरी असतं. कपाटाला हा प्रश्न विचारता येत नाही. म्हणजे सुचवण्याची शक्यता पेटीने निर्माण केली आहे. ती वापरायची की नाही, हे गटावर सोडलं आहे.

आता कोणी म्हणेल की पाककृतींचं पुस्तक, स्पर्धा परीक्षेचं गाइड, शेअर बाजाराची तोंडओळख ही पुस्तकंही खपतातच, त्यांना कुठे कोण सुचवतं? त्यांना सुचवावं लागत नाही, कारण त्यांचं काम शीर्षकातच लिहिलेलं असतं. ज्याला एमपीएससी द्यायची आहे तो पुस्तक शोधत येतो. कादंबरीला असं काम नसतं. 'कोसला' कशासाठी वाचायची, याचं उत्तर मुखपृष्ठावर छापता येत नाही. पाठराखणीच्या मजकुरावर तर विश्वास ठेवायचे दिवस कधीच गेले. तिथे प्रत्येक लेखक समर्थ असतो आणि प्रत्येक कादंबरी मैलाचा दगड. शिवाय चांगली कादंबरी पहिल्या वीस-तीस पानांत आपलं सगळं दाखवत नाही. ती वाचकाकडून थोडी उधारी मागते. ती उधारी द्यायची कोणाच्या शब्दावर? जाहिरातीच्या शब्दावर माणूस साबण घेतो. आठ दिवसांच्या रात्री देत नाही.

आकडे पाहिले तर ही गोष्ट जास्त बोचते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. मराठीत पुस्तकाची एक आवृत्ती म्हणजे अकराशे प्रती, ही जुनी रीत. हल्ली ती पाचशे, तीनशेवरही येते. या दोन आकड्यांमधली दरी निरक्षरतेने किंवा दारिद्र्याने पुरती समजावता येत नाही, कारण त्याच ८ कोटींत 'मृत्युंजय' आणि 'ययाति'च्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या आहेत. पुरस्कारानेही ही दरी बुजत नाही. जनस्थान पुरस्काराचीच यादी घ्या. गंगाधर गाडगीळ, व्यंकटेश माडगूळकर, श्री. ना. पेंडसे, बाबूराव बागूल, भालचंद्र नेमाडे, अरुण साधू, मधु मंगेश कर्णिक, आशा बगे: कथा-कादंबरीतली ही नावं याच शहरात, याच लोकांसमोर सन्मानित झाली. नुसती ही यादी घेऊन कोणी दोन वर्षं वाचत बसलं, तरी मराठी गद्याची उत्तम ओळख होईल. पण पुरस्कार लेखकाला मिळतो आणि सभागृहात टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी त्या लेखकाचं नेमकं कोणतं पुस्तक कोणी आधी उचलावं, हे सांगणारं कोणी नसतं. पेंडशांचं 'गारंबीचा बापू' आधी वाचावं की 'तुंबाडचे खोत'चे दोन खंड अंगावर घ्यावेत, हा प्रश्न क्षुल्लक नाही. चुकीच्या दाराने आत शिरलेला वाचक त्या लेखकाकडे परत फिरकत नाही.

चांगली पुस्तकं आपोआप टिकतात, काळ निवाडा करतो, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. काळ स्वतः काही वाचत नाही. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ साली आली, तेव्हा मराठीत फडके-खांडेकरांचं राज्य होतं. युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट, तिच्यावर नाझी जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू, त्यांच्यातली हॅर्टा आणि तिच्या प्रेमात पडूनही स्वतःलाच न उमगलेला मराठी नायक चक्रधर, असा विषय वाचायची सवय तेव्हाच्या वाचकाला नव्हती. लेखकाच्या नावावर दुसरी कादंबरी नाही, म्हणजे नवं पुस्तक आलं की जुनं पुन्हा उचललं जाण्याची सोयही नाही. तरी ही छोटीशी कादंबरी आज मराठीतल्या मोजक्या श्रेष्ठ कादंबऱ्यांत धरली जाते, कारण प्रत्येक पिढीत कोणी ना कोणी ती दुसऱ्याच्या हातात दिली. प्रभाकर पेंढारकरांची 'रारंग ढांग' १९८१ ची. हिमालयात लष्कराच्या रस्ताबांधणीवर गेलेला विश्वनाथ मेहेंदळे हा तरुण इंजिनिअर, वरिष्ठांचा हुकूम आणि स्वतःची समज यांतला त्याचा झगडा, आणि कडा. डोंगर भटकणाऱ्यांत आणि साइटवर काम करणाऱ्यांत ही कादंबरी तोंडी प्रचारावरच चालत आली आहे. बाहेरचं उदाहरण हवं असेल तर जॉन विल्यम्स या अमेरिकन लेखकाची 'स्टोनर' घ्या. १९६५ साली आली, दोन हजारांच्या आसपास प्रती खपल्या आणि विस्मरणात गेली. फ्रान्समधल्या अ‍ॅना गावाल्दा या लेखिकेने ती वाचली, इतकी आवडली की स्वतः भाषांतर केलं. ते २०११ साली आलं आणि त्यानंतर एका कॉलेजमास्तराच्या निमूट आयुष्याची ही गोष्ट युरोपभर लाखांनी खपली. तोवर विल्यम्स जाऊन सतरा वर्षं झाली होती. पुस्तक तेच होतं, शब्दही तेच. मधल्या शेहेचाळीस वर्षांत कमी होतं ते हट्टाने पुढे करणारं माणूस.

मराठीत अशी माणसं आणि असे प्रयत्न झालेच नाहीत, असं म्हणणं मात्र खोटं होईल. मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळे यांनी जानेवारी १९६४ मध्ये 'ललित' सुरू केलं ते पुस्तकांबद्दलच बोलण्यासाठी. त्यात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' होऊन साहित्यिकांच्या टोप्या उडवत, आणि त्या हसण्यातून वाचकाला पुस्तकांची खबर लागे. दिनकर गांगल आणि मंडळींची 'ग्रंथाली' सत्तरच्या दशकाच्या मध्याला निघाली, ती स्वतःला वाचक चळवळच म्हणवत. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० मध्ये तिनेच लोकांपुढे आणलं. वाचक संघटित झाला की काय वर येतं, याचा हा पुरावा. आणि एकट्या वाचकाचं उदाहरण म्हणजे सतीश काळसेकर. कवी म्हणून ते मोठे होतेच, पण 'वाचणाऱ्याची रोजनिशी' या त्यांच्या पुस्तकाला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा वाचणं आणि वाचलेलं दुसऱ्याला सांगणं हीसुद्धा एक वाङ्मयीन कामगिरी आहे, यावर शिक्कामोर्तब झालं. काळसेकरांच्या लिहिण्यात समीक्षकाचा आव नाही. हे पुस्तक कुठे भेटलं, कोणामुळे भेटलं, त्यातून पुढे कोणत्या पुस्तकाकडे गेलो, असा तो प्रवास आहे. सुचवणाऱ्याने नेमकं हेच करायचं असतं.

मग सुचवायचं कसं? आपल्याकडे ते बहुतेक वेळा विशेषणांनी होतं. 'अप्रतिम', 'निव्वळ अप्रतिम', 'डोळ्यांत पाणी आलं', 'प्रत्येकाने वाचायलाच हवं'. व्हॉट्सअ‍ॅपवर मुखपृष्ठाचा फोटो, शेजारी चहाचा कप, खाली हे शब्द. यातून पुस्तकाबद्दल काहीच कळत नाही. सांगणाऱ्याचे डोळे ओले झाले होते, एवढंच कळतं. आता याच जागी माडगूळकरांची 'बनगरवाडी' सुरगाण्याच्या किंवा पेठच्या एखाद्या पाड्यावर नव्याने रुजू झालेल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला सुचवायची आहे असं समजा. त्याला सांगावं की १९५५ सालचं पुस्तक आहे, पातळ आहे, दोन रविवारांत संपेल. औंध संस्थानातला राजाराम सौंदणीकर नावाचा पोरगेला मास्तर धनगरांच्या वाडीवर पायी चालत पोचतो, आणि तिथे शाळेत पोरंच नाहीत. पोरं मेंढरांमागे. मग आधी त्याला शिकवण्याऐवजी वाडीची कामं करावी लागतात: कोणाचं पत्र लिही, कोणाचे पैसे आणून दे, कोणाचं भांडण सोडव. म्हाताऱ्या कारभाऱ्याची मर्जी सांभाळणं हा तर अभ्यासक्रमाबाहेरचा सगळ्यात अवघड विषय. पुढे मास्तर गावाकडून तालीम बांधून घेतो, खुद्द राजेसाहेब येतात, आणि वाटतं की आता सगळं मार्गी लागलं. त्यानंतर पाऊस काय करतो, ते सांगू नये. एवढं ऐकल्यावर त्या शिक्षकाला कळतं की या पुस्तकात आपला सोमवार आहे. 'ग्रामीण साहित्यातील अजरामर कलाकृती' हे शब्द त्याला कधीच हलवू शकले नसते; ते तर त्याने बी.ए.ला पाठ केले होते.

म्हणजे शिफारस पुस्तकाची नसते, पुस्तक आणि माणूस यांच्या जोडीची असते. स्थळ जमवणाऱ्या जुन्या बायकांकडे ही हातोटी असे. दोन्ही घरं माहीत असल्याशिवाय त्या तोंड उघडत नसत. गावाकडून येऊन कॉलेज रोडच्या आसपास खोली घेऊन राहणाऱ्या, परीक्षेला कंटाळलेल्या आणि घरच्यांना काय सांगावं ते न सुचणाऱ्या मुलाला 'कोसला' द्यावी; आणि देतानाच सांगावं की सुरुवातीला हा पांडुरंग सांगवीकर नुसता भरकटतोय असं वाटेल, बहिणीच्या मरणाच्या भागापर्यंत धीर धर, त्यानंतर तुला थांबवता येणार नाही. समृद्धी महामार्गात जमीन गेलेलं सिन्नर-इगतपुरीकडचं एखादं घर असेल तर तिथे विश्वास पाटलांची 'झाडाझडती' पोचावी. धरणग्रस्तांची ती गोष्ट १९९१ ची आहे, जाडजूड आहे, पण भरपाईच्या कागदांमागे धावून दमलेल्या माणसाला जाडीची भीती वाटत नाही. मंत्रालयाच्या बातम्या चघळत बसणाऱ्या निवृत्त काकांना अरुण साधूंची 'सिंहासन' द्यावी आणि पात्रांच्या जागी आजची नावं घालून बघा म्हणावं. ते आठ दिवस दुसरं काही बोलणार नाहीत. यातली एकही जोडी वाचनालयाच्या विषयवार यादीत सापडत नाही. ती फक्त दोन्ही बाजू ओळखणाऱ्याच्या डोक्यात असते.

इथे सगळ्यात वजनदार आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाला सुचवायचं म्हटलं, की पुस्तकंही ओळखीचीच फिरत राहणार. एका जातीच्या, एका थराच्या, एका पेठेतल्या लोकांनी एकमेकांना तीच दहा पुस्तकं द्यायची आणि त्याला वाचनसंस्कृती म्हणायचं, असं होत आलं आहे. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचा पुरावा नाशिकमध्येच आहे. १९६३ हे मराठी गद्याचं मोठं साल. त्या वर्षी 'कोसला' आली हे बहुतेक वाचणाऱ्यांना माहीत असतं. त्याच वर्षी बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा कथासंग्रह आला, हे किती जणांच्या जिभेवर असतं? बागूल नाशिकजवळच्या विहितगावचे, १९३० सालचे. रेल्वेत नोकरी लागली तर राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवावी लागते, या अनुभवाला त्यांनी कथेत असं उभं केलं की मराठी कथेची चौकटच हलली. 'मरण स्वस्त होत आहे' १९६९ मध्ये आलं. जनस्थान पुरस्कार त्यांना २००७ साली मिळाला आणि पुढच्याच वर्षी नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. दलित साहित्याच्या अभ्यासात त्यांचं स्थान पक्कं आहे, विद्यापीठांत त्यांच्यावर प्रबंध आहेत. पण दुपारी पुस्तक बदलायला जाणाऱ्या माणसाला 'बागूल वाचलेत का?' असं विचारणारा शेजारी सहसा नसतो. अभ्यासक्रमात असणं आणि घरात असणं यांत हेच अंतर आहे.

पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. सुचवणारे एकाच गोटातले असतात, म्हणून सुचवणंच सोडून द्यावं, असं त्यातून निघत नाही. सुचवणारे वाढवावेत, वेगवेगळ्या घरांतले असावेत, असं निघतं. 'ग्रंथाली'ने 'बलुतं' छापलं तेव्हाही वाचकवर्ग बहुतांशी शहरी आणि पांढरपेशाच होता. त्यातल्याच काहींनी ते आपल्या घरात नेलं, अस्वस्थ झाले, भांडले, आणि पुस्तक पुढे गेलं. बागूल सुचवताना मी त्यांच्या उणिवाही सांगेन. काही कथांत आवाज चढतो, योगायोग जास्त होतात, पात्रं लेखकाचं बोलणं बोलतात. हे आधी सांगितलं की वाचक सावध होऊन वाचतो आणि मग त्या कथांतला विलक्षण ताण त्याला जास्त जाणवतो. दोष न सांगता केलेली शिफारस म्हणजे जाहिरात.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा. हे सगळं आता फोन करतो, तुम्ही काय घेतलंत ते पाहून पुढचं काय घ्यावं ते सांगतो, मग शेजाऱ्याची गरज काय? विकत घेतलेल्या वस्तूंचा हिशेब यंत्र उत्तम ठेवतं, यात वाद नाही. पण 'रणांगण' घेणाऱ्याने ती विसाव्या पानावर का ठेवून दिली, हे त्याला कळत नाही. मराठीत तर अडचण आणखी मोठी, कारण जी पुस्तकं सुचवायला हवीत त्यांतली कितीतरी आवृत्ती संपलेली, फक्त वाचनालयाच्या मागच्या घोड्यावर उरलेली आहेत. जे विकलं जात नाही ते यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नाही. यंत्र तुम्हाला जे आवडलं त्यासारखंच पुढे देतं. ऐतिहासिक कादंबरी घेतलीत की आणखी एक ऐतिहासिक कादंबरी. जाणता वाचक मुद्दाम उलटं करतो. 'स्वामी' आवडलेल्या माणसाला तो पेंडशांचा कोकण देतो, कारण त्या माणसाला पेशवाईपेक्षा माणसांची घुसमट आवडली होती, हे त्याच्या बोलण्यातून यानं ओळखलेलं असतं.

पेट्यांतून फुकट पुस्तक वाचायला मिळालं तर विकत कोण घेणार, अशीही एक कुरकुर प्रकाशनव्यवहारात असते. तिला फार वेळ देण्याचं कारण नाही. पेटीतली पुस्तकंही देणगीच्या पैशांतून विकतच घेतलेली असतात, आणि मराठी कादंबरीचं पहिलं गिऱ्हाईक आजवर वाचनालयंच राहिली आहेत. एका घरात शिरलेलं पुस्तक दुसऱ्या घराला विकत घ्यावंसं वाटतं, असाच अनुभव या धंद्यातले लोक सांगतात.

त्यापेक्षा विचार करावा असा प्रश्न आवडीनिवडीचा आहे. आवड ज्याची त्याची. मी माझी दुसऱ्यावर का लादावी? पुष्कळ चांगले वाचक या संकोचापायी गप्प बसतात आणि मग बोलतात ते फक्त ज्यांना संकोच नाही ते, म्हणजे यादीवाले. 'आयुष्यात एकदा तरी वाचावीत अशी पंचवीस पुस्तकं' या धर्तीच्या याद्या फिरतात, त्यांत आधीच्या यादीतलीच वीस असतात. लादणं हा दोष यादीत आहे, कारण ती कोणालाही उद्देशून नसते आणि तिची जबाबदारी कोणी घेत नाही. एका माणसाला एक पुस्तक देणारा उद्या त्या माणसाला जिन्यात भेटणार असतो. 'काय दिलंत हो हे, मला नाही झेपलं' हे ऐकायची त्याची तयारी लागते. ते ऐकून त्याची पुढची शिफारस सुधारते. पुस्तक अर्ध्यात सोडायची मुभाही त्याने आधीच द्यावी. आपल्या घरांत पुस्तक अर्धवट टाकणं हा अन्न टाकण्यासारखा अपराध मानला जातो, आणि त्या धाकापोटी लोक पुस्तक उचलतच नाहीत.

हे सगळं करायला नवी संस्था काढायची गरज नाही. संस्था आपल्याकडे उदंड आहेत. पेटी आहे, गट आहे, पेटी सांभाळणारा माणूस आहे. पेटी पुढच्या गटाकडे जाताना प्रत्येक कादंबरीत एक चिठ्ठी असावी. तिच्यावर वाचणाऱ्याने चार ओळी लिहाव्यात: हे पुस्तक कोणाला आवडेल, कोणाला नाही, कुठल्या पानापर्यंत धीर धरावा. विशेषणं नकोत, शेवट नको. दुबईतल्या गटाने लिहिलेली चिठ्ठी सिडकोतल्या गटाला मिळाली तर ती वाचायलाच लोक पेटी उघडतील. वाचनालयांना तर हे आणखी सोपं आहे. नव्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक छोटं कपाट जुन्या, पाच-सहा वर्षांत कोणी न नेलेल्या पुस्तकांचं ठेवावं आणि त्यातलं प्रत्येक पुस्तक एखाद्या सभासदाच्या नावाने, त्याने सांगितलेल्या कारणासकट मांडावं. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक वाचनालयं अकरा हजारांहून जास्त आहेत. प्रत्येकाने वर्षाला दहा पुस्तकं अशी धूळ झटकून पुढे केली, तर कोणत्याही महोत्सवापेक्षा ते मोठं काम होईल, आणि त्याला मंडप लागणार नाही.

२७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, भाषेचा गौरव करायला आपण सगळे पुढे असतो. या खेपेला घोषणा दुसऱ्यांवर सोडा. नाशिकरोडला लागून असलेल्या विहितगावच्या त्या लेखकाचा १९६३ सालचा कथासंग्रह तुमच्या वाचनालयात मागा. असला तर घरी न्या, वाचून झाल्यावर शेजारच्या दाराची बेल वाजवा आणि का वाचायचा ते सांगून हातात द्या. नसला, तर मागणीच्या वहीत पुस्तकाचं नाव आणि खाली तुमचा सभासद क्रमांक लिहून या.